मेडॅलियनचे दोन मॅना कधी फिटतात?

लग्नसराईत साड्यांच्या दुकानाबाहेर पाटी लागते: प्रत्येक साडीमागे शंभर रुपये सूट. एकच साडी घ्यायला आलेल्या बाईला त्या पाटीचं फारसं काही वाटत नाही. मानपानाच्या तीस साड्या काढायला आलेलं घर मात्र त्या पाटीवर तीन हजार वाचवून जातं. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातलं रुबी मेडॅलियन ही तशीच एक पाटी आहे. दोन मॅनाचं आर्टिफॅक्ट (टेबलावर बसून राहणारी वस्तू), त्यावर एकच ओळ: तुमचे लाल स्पेल एका मॅनाने स्वस्त. ते स्वतः एकही मॅना देत नाही. मला भेटलेले बरेच नवे खेळाडू त्याला मॅना देणारं कार्ड समजतात आणि तिथेच डेक बिघडतो.

पाच रंगांची पाच मेडॅलियन १९९७ च्या टेम्पेस्ट संचात आली. मॉडर्न फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे कुठली कार्डं चालतात ते ठरवणारा खेळाचा प्रकार) मात्र ती जून २०२४ मध्ये, मॉडर्न होरायझन्स ३ मधून उतरली आणि एकाच टर्नला ढीगभर स्पेल टाकून जिंकणारा 'रुबी स्टॉर्म' नावाचा डेक उभा राहिला. या लेखात तोच डेक धरून चालतो. लँड, मॅना, ग्रेव्हयार्ड हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं गृहीत आहे.

पहिली पायरी: सूट नेमकी कशावर मिळते

कार्डाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात किंमत असते. राखाडी गोलातला आकडा म्हणजे जेनेरिक, कुठल्याही मॅनाने भरता येणारा भाग. रंगीत गोल त्याच रंगाच्या मॅनाने भरावे लागतात. मेडॅलियनची सूट फक्त राखाडी भागातून वजा होते. राखाडी भाग संपला की सूट संपली, रंगीत गोलाला ती हात लावत नाही.

त्यामुळे डेस्परेट रिच्युअल (एक जेनेरिक, एक लाल) मेडॅलियनखाली एका लाल मॅनात पडतं. लाइटनिंग बोल्टची किंमत मुळातच नुसता एक लाल, त्याला दमडीचाही फायदा नाही. लेगसी या जुनी कार्डंही चालणाऱ्या फॉरमॅटमधले जुने स्टॉर्म डेक मेडॅलियनच्या वाटेला का गेले नाहीत, तेही यातूनच कळतं. डार्क रिच्युअल एका काळ्यात, ब्रेनस्टॉर्म आणि पॉन्डर एका निळ्यात. तिथे सूट द्यायला राखाडी गोलच नाही. ते डेक लोटस पेटल आणि लायन्स आय डायमंडवर चालतात आणि ते बरोबरच आहे.

किंमत ठरवण्याचा क्रम नियमपुस्तकाच्या ६०१.२ कलमात आहे आणि तो तोंडपाठ असावा. आधी मूळ किंवा पर्यायी किंमत. मग जादा खर्च आणि वाढ मिळवायची. मग सूट वजा करायची. ट्रिनिस्फिअरसारखं 'किमान तीन' म्हणणारं कार्ड असेल तर ते सगळ्यात शेवटी. वाढ आधी आणि सूट नंतर, हा क्रम पुढे दोन ठिकाणी आपल्या कामी येणार आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर दर महिन्याला कोणीतरी वाद घालतं: सुटीने कार्डाची मॅना व्हॅल्यू, म्हणजे छापील किंमतीची बेरीज, बदलत नाही. एका मॅनात टाकलेलं रिच्युअल नियमांच्या दृष्टीने दोनचंच राहतं. समोरच्याने ठरावीक मॅना व्हॅल्यूचे स्पेल अडवणारं चॅलिस ऑफ द व्हॉइड दोनवर ठेवलं असेल तर ते अडणारच.

दुसरी पायरी: कार्डांचे ढीग

डेक मांडण्याआधी सगळी कार्डं टेबलावर पसरा आणि कोपरे बघून ढीग करा.

पहिला ढीग 'एक जेनेरिक, एक लाल'वाल्यांचा. डेस्परेट रिच्युअल आणि पायरेटिक रिच्युअल, दोन्ही तीन लाल मॅना देतात. मॅनामॉर्फोज दोन मॅना देतं आणि एक पत्ता ओढू देतं. त्याचा रंगीत गोल अर्धा लाल अर्धा हिरवा असल्याने ते लालही धरलं जातं आणि त्यालाही सूट लागते. रेकलेस इम्पल्स आणि रेन्स रिझॉल्व्ह वरचे दोन पत्ते एक्झाइल करतात, म्हणजे बाजूला काढून ठेवतात, ते तुमच्या पुढच्या टर्नच्या शेवटपर्यंत खेळता येतात. शेवटचा घाव घालणारं ग्रेपशॉटही याच किंमतीचं. हा ढीग जितका जाड तितकं मेडॅलियन फळतं. सूट नसताना रिच्युअल टाकून एक मॅना सुटतो, सूट असताना दोन. म्हणजे नफा थेट दुप्पट.

दुसरा ढीग महागड्यांचा. पास्ट इन फ्लेम्स (तीन जेनेरिक, एक लाल) ग्रेव्हयार्डमधल्या सगळ्या इन्स्टंट-सॉर्सरींना (एकदा वापरून संपणाऱ्या स्पेलना) त्यांच्याच किंमतीत फ्लॅशबॅक देतं, म्हणजे त्या तिथूनच पुन्हा एकदा टाकता येतात. विश (दोन जेनेरिक, एक लाल) खेळाबाहेरचं, म्हणजे स्पर्धेत साइडबोर्डातलं (डेकाबाहेरच्या राखीव पत्त्यांतलं), एक कार्ड त्या टर्नला खेळू देतं. हे मोजकेच लागतात.

तिसरा ढीग सूट न लागणाऱ्यांचा. मेडॅलियन स्वतः रंगहीन आहे, त्यामुळे पहिलं रुबी मेडॅलियन दुसऱ्याला स्वस्त करत नाही. हा ढीग पातळ ठेवा आणि त्यातलं प्रत्येक कार्ड का ठेवलंय ते स्वतःला विचारा.

(सीदिंग साँग हे कार्ड आठवत असेल तर एक उसासा टाकून पुढे चला. तीन मॅनात पाच लाल देणारं ते कार्ड मॉडर्नमध्ये जानेवारी २०१३ पासून बंद आहे. मेडॅलियनखाली ते दोनात पाच झालं असतं.)

तिसरी पायरी: सूट देणारी कार्डं किती?

साठ पत्त्यांच्या डेकात चार मेडॅलियन ठेवली तर पहिल्या सात पत्त्यांत निदान एक येण्याची शक्यता साधारण ४० टक्के. पहिला टर्न तुमचा असेल तर दुसऱ्या टर्नपर्यंत आठ पत्ते बघून होतात, तेव्हा ती ४४-४५ टक्क्यांवर जाते. दर दोन डावांत एकदा तरी पाटी लागलेलीच नाही. हे चालायचं नाही.

म्हणून जोडीला राल, मॉन्सून मेज. तोही दोन मॅनाचा, क्रीचर, आणि तुमचे इन्स्टंट व सॉर्सरी एकाने स्वस्त करतो. दोन्ही मिळून आठ कार्डं झाली की दुसऱ्या टर्नपर्यंत एक तरी हातात असण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या थोडी वर जाते. बारा केली तर ८५. मोह होतो, पण करू नका. बारा पाट्या लावलेल्या दुकानात माल कमी पडतो. आठ हा आकडा मला योग्य वाटतो.

दोन्ही हातात असताना आधी कोण? पहिल्या गेममध्ये, समोर काय आहे ते माहीत नसताना, मी मेडॅलियन आधी टाकतो. राल एक-तीनचा (ताकद एक, सहनशक्ती तीन) प्राणी आहे, तीन नुकसान करणाऱ्या एका बोल्टमध्ये जातो. शिवाय तो लाल आहे, म्हणजे मेडॅलियन बसलेलं असेल तर पुढच्या टर्नला तोच राल एका मॅनात येतो. उलट क्रमात ही गंमत नाही, कारण राल आर्टिफॅक्ट स्वस्त करत नाही. समोर निळा डेक असेल तर मात्र विचार बदलावा लागतो, त्याचं कारण पुढे येतंय.

हेल्म ऑफ अवेकनिंग हे १९९७ च्याच व्हिजन्स संचातलं भावंड. तेही दोन मॅनाचं, पण सगळ्या स्पेलना सूट देतं आणि समोरच्यालाही. मॉडर्नमध्ये ते चालत नाही. जिथे चालतं तिथे एकच पथ्य: ज्या टर्नला जिंकायचंय त्याच टर्नला टाकायचं. एक टर्न आधी टाकलं तर समोरचा आपल्याच पाटीखाली खरेदी करून जातो.

चौथी पायरी: हात ठेवायचा की परत पिसायचा

तीन लँड, तीन रिच्युअल आणि पास्ट इन फ्लेम्स. दिसायला सुंदर आणि पूर्ण फसवा हात. का, ते पुढच्या पायरीतल्या आकड्यांत दिसेल. दोन मेडॅलियन, एक राल, चार लँड हाही तितकाच निरुपयोगी, नुसतीच सूट. मला आवडतो तो हात असा: दोन-तीन लँड, एक सूट देणारं, एक पत्ते ओढणारं, बाकी रिच्युअल. पास्ट इन फ्लेम्स नसलं तरी चालतं, ते वाटेत सापडतं.

पाचवी पायरी: तो एक टर्न, अगदी जवळून

पहिला टर्न तुमचा होता. दुसऱ्या टर्नला दोन लँडवर मेडॅलियन बसलं. आता तिसरा टर्न. हातात एक माउंटन, डेस्परेट रिच्युअल, पायरेटिक रिच्युअल, मॅनामॉर्फोज, रेकलेस इम्पल्स आणि पास्ट इन फ्लेम्स.

लँड लगेच टाकू नका. इम्पल्सने वर आलेली लँडही खेळता येते, पण टर्नची लँड आधीच टाकून झाली असेल तर ती वाया जाते. दोन लँडवर सुरुवात होत असेल तर हातातली राखून ठेवा. यात काही गमवावं लागत नाही, कारण इम्पल्सने लँड आली नाही तर हातातली आहेच.

दोन मॅना काढले. डेस्परेट रिच्युअल: एक गेला, तीन आले, हाताशी चार. पायरेटिक: सहा. मॅनामॉर्फोज: एक गेला, दोन आले, सात, आणि एक पत्ता ओढला. समजा तो दुसरं पायरेटिक निघाला. रेकलेस इम्पल्स: सहा उरले, वर आले रेन्स रिझॉल्व्ह आणि माउंटन. तो माउंटन खेळून टॅप केला: सात. दुसरं पायरेटिक: नऊ. पास्ट इन फ्लेम्स चारऐवजी तीनात: सहा उरले. आतापर्यंत सहा स्पेल झाले.

आता थांबा आणि हाच टर्न मेडॅलियन नाही असं समजून पुन्हा मोजा. दोन, तीन, चार, मॅनामॉर्फोजनंतर चारच, इम्पल्सनंतर दोन, माउंटननंतर तीन, पायरेटिकनंतर चार, पास्ट इन फ्लेम्स टाकलं की शून्य. ग्रेव्हयार्ड भरलेलं, सगळ्यांना फ्लॅशबॅक, आणि हातात एकही मॅना नाही. आधी सहा उरत होते. फरक बरोबर सहाचा, कारण सहा स्पेल टाकले. मेडॅलियनचे दोन मॅना दुसऱ्या स्पेललाच फिटले, पुढचे चार निव्वळ नफा.

सहा मॅनावरून पुढे. फ्लॅशबॅकच्या किंमतीलाही सूट लागते. डेस्परेट: आठ. दोन पायरेटिक: दहा, बारा. मॅनामॉर्फोज: तेरा आणि एक पत्ता. इम्पल्स: बारा, दोन पत्ते. एक्झाइलमधलं रेन्स रिझॉल्व्ह: अकरा, आणखी दोन पत्ते. बारा स्पेल झाले, पाच नवे पत्ते दिसले. त्यात विश आहे असं धरू. विश दोन मॅनात: नऊ. त्यातून साइडबोर्डातलं ग्रेपशॉट एका मॅनात: आठ. ग्रेपशॉट एक नुकसान करतं आणि स्टॉर्ममुळे आधीच्या प्रत्येक स्पेलमागे एक प्रत निघते. आधी तेरा झाले होते, म्हणजे एकूण चौदा.

चौदा पुरत नाहीत. इथेच नवखा खेळाडू हात टेकतो. ग्रेव्हयार्डातल्या पास्ट इन फ्लेम्सला स्वतःचा फ्लॅशबॅक आहे: पाच, सूट धरून चार. आठातले चार गेले, चार उरले. ग्रेव्हयार्डातल्या ग्रेपशॉटला आता फ्लॅशबॅक मिळाला. एका मॅनात पुन्हा टाका, आधी पंधरा स्पेल, म्हणजे सोळा नुकसान. चौदा आणि सोळा, तीस. समोरच्याकडे वीस होते.

त्या पाच पत्त्यांत विश आलं नसतं तर? अकरा मॅना हाताशी होते. चार देऊन पास्ट इन फ्लेम्स पुन्हा, एक देऊन रेन्स रिझॉल्व्ह पुन्हा, आणखी दोन पत्ते, सहा मॅना शिल्लक. हे सगळं एकाच मेन फेजमध्ये करायचं. फेज संपली की न वापरलेला मॅना जातो.

सहावी पायरी: दुसरं मेडॅलियन टाकावं का?

बहुतेक वेळा नाही. एक बसलेलं असताना पहिल्या ढिगातली कार्डं आधीच नुसत्या लाल गोलावर आली आहेत, दुसऱ्याला कापायला राखाडी भाग उरलेला नाही. पास्ट इन फ्लेम्स आणि विशवर एकेक वाचतो, बस. दोन मॅना देऊन दोन वाचवण्यात काय हशील? स्टॉर्मची मोजणी एकाने वाढते, तेवढीच जमेची बाजू. नेमका एक कमी पडत असेल तर टाका.

अपवाद एक आहे आणि तो मला फार आवडतो. डेस्परेट रिच्युअल आर्केन या उपप्रकाराचं आहे आणि त्यावर दुसरं डेस्परेट रिच्युअल स्प्लाइस करता येतं, म्हणजे हातातलं कार्ड दाखवून त्याचा मजकूर पहिल्याला जोडायचा आणि कार्ड हातातच ठेवायचं. जादा खर्च एक जेनेरिक, एक लाल. जादा खर्च आधी मिळवला जातो, सूट नंतर, म्हणून एकूण किंमत दोन जेनेरिक आणि दोन लाल होते, आणि आता दुसऱ्या मेडॅलियनला कापायला जागा मिळते. मिळणार सहा मॅना. सूट नसताना खर्च चार, नफा दोन. एक मेडॅलियन असताना खर्च तीन, नफा तीन. दोन असताना खर्च दोन, नफा चार, आणि दुसरं रिच्युअल अजून हातातच. हातात दोन डेस्परेट असतील तर दुसरं मेडॅलियन ओझं राहत नाही.

सातवी पायरी: समोरचा काय करणार

आर्टिफॅक्टविरोधी कार्डांची दोन कुळं आहेत. स्टोनी सायलेन्स, कलेक्टर औफ, कार्न द ग्रेट क्रिएटर ही मंडळी आर्टिफॅक्टच्या अॅक्टिव्हेट करायच्या क्षमता बंद करतात. मेडॅलियनमध्ये अॅक्टिव्हेट करायचं काही नाही, ते बसल्या जागी काम करतं. यांना भिऊ नका. बोसेजू, फोर्स ऑफ व्हिगर ही थेट मोडतोड करणारी, त्यांना भ्या. हिरव्या डेकासमोर शक्य असेल तर मेडॅलियन आणि राल दोन्ही टेबलावर असताना टर्न सुरू करा. एक गेलं तरी दुसऱ्यावर चालतं.

निळ्यासमोरचा धोका कन्साइन टू मेमरी. एका निळ्या मॅनात ते रंगहीन स्पेल किंवा ट्रिगर (काही घडलं की आपोआप चालणारी क्षमता) अडवतं. मेडॅलियन रंगहीन आहे आणि स्टॉर्म हा ट्रिगर आहे, म्हणजे एकच कार्ड आपल्या दोन्ही टोकांना चालतं. राल लाल असल्याने वाचतो. म्हणून साइडबोर्डिंगनंतर निळ्यासमोर मी राल आधी टाकतो.

थॅलिया आपले नॉनक्रीचर स्पेल एकाने महाग करते. इथे वाढ-आधी-सूट-नंतर हा क्रम आपल्या बाजूचा. वाढलेला भाग जेनेरिक असतो, तो मेडॅलियन कापतं. एक मेडॅलियन म्हणजे बरोबरी, दोन म्हणजे पुन्हा एका मॅनात रिच्युअल. डॅम्पिंग स्फिअरसमोर हे पुरत नाही. तिथे दुसरा स्पेल एकाने, तिसरा दोनाने, असा चढत जातो, चौथ्यापर्यंत रिच्युअल तोट्यात. ते आधी फोडा, मग सुरू करा. ट्रिनिस्फिअर सगळ्यात शेवटी लागतं, सूट कितीही असो. आणि 'टर्नला एकच स्पेल' म्हणणाऱ्या कार्डांपुढे स्वस्ताई काय कामाची?

कमांडर खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात

चौघांत, प्रत्येकी ४० जीवनाने खेळायच्या त्या फॉरमॅटमध्ये हेल्म ऑफ अवेकनिंगचं सोनं होतं. सेन्सीज डिव्हाइनिंग टॉपची किंमत एक जेनेरिक, हेल्मखाली शून्य. टॉप टॅप करून पत्ता ओढायचा, टॉप लायब्ररीवर जातो. मिस्टिक फोर्ज लायब्ररीच्या वरून आर्टिफॅक्ट टाकू देतं, म्हणजे टॉप फुकटात पुन्हा टेबलावर. दर फेरीला एक पत्ता आणि एक स्पेल. एथरफ्लक्स रिझर्वॉयर (दर स्पेलला त्या टर्नच्या स्पेलांइतकं जीवन देणारं, आणि पन्नास जीवन मोजून पन्नास नुकसान करणारं) बसलेलं असेल तर पंधरा स्पेलमध्ये १२० जीवन मिळतं. स्वतःचे ४० धरून १६० होतात, पन्नास-पन्नास करून तिघांवर उधळले तरी दहा शिल्लक. रुबी मेडॅलियन इथे निरुपयोगी, टॉप लाल नाही.

सराव

समोर कोणी नसताना वीस हात वाटा आणि प्रत्येक वेळी एकच आकडा लिहून ठेवा: पास्ट इन फ्लेम्स टाकल्यावर किती मॅना उरले. माझ्या अनुभवात चार किंवा जास्त उरले तर टर्न बहुधा पार पडतो, दोनाखाली आलात तर एक टर्न थांबायला हवं होतं. मॅजिक ऑनलाइनवर मॅना आणि स्टॉर्म यंत्रच मोजतं, त्यामुळे तिथे शिकलेले लोक टेबलावर गडबडतात. मीही गडबडलो होतो. मित्राच्या घरी, त्या टर्नला टाकलेलं मेडॅलियन स्टॉर्ममध्ये मोजायचं विसरलो, एकोणीस म्हणून पत्ते खाली ठेवले, आणि विसावं नुकसान घरी जाताना आठवलं. कागदावर स्टॉर्मच्या काड्या मारा, मॅना प्रत्येक स्पेलनंतर मोठ्याने म्हणा, समोरच्याला ऐकू जाऊ द्या.

मॅना दाखवायला टेबलावर काहीतरी मोजायला लागतं. फासे उलटतात. आम्ही बराच काळ शेंगदाणे वापरले. एका रविवारी अकरा मॅनावर असताना मी विश शोधत होतो आणि समोरच्याने बोलता बोलता त्यातले दोन खाल्ले. तेव्हापासून मी चिंचोके नेतो.